कोयत्याच्या मुठीतली चंद्रकोर

आळेफाट्याहून ओतूरच्या रस्त्याला लागलं की टायरवाल्याच्या शेजारी पत्र्याची एक खोली होती. तिच्यावर पाटी नव्हती. जळालेली मोटर घेऊन आलेल्या माणसाला पाटी वाचायचं भान नसतं, असं गोरखचं म्हणणं. आत शिरलं की वार्निशाचा वास यायचा, भिंतीवर तांब्याच्या तारेची वेटोळी टांगलेली असायची आणि मध्ये पोत्यावर मांडी घालून गोरख बसलेला असायचा. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरींत नवी तार भरून द्यायचा त्याचा धंदा. आळ्यात घरची शेती होती, ती थोरला भाऊ बघायचा. गोरखचं चित्त लहानपणापासून यंत्रात.

माणूस सरळ, कामाला वाघ, पण त्याची एक खोड वाईट होती. त्याला कशाचं कौतुक करता यायचं नाही. नव्वद सालानंतर त्या भागात एकेक नवल येऊ लागलं. रंगीत टीव्ही आले, दारात फोन वाजू लागले, खोडदच्या माळावर आभाळाकडे तोंड केलेल्या भल्याथोरल्या तबकड्या उभ्या राहिल्या. लोक ट्रॉल्या भरभरून बघायला गेले आणि तोंडात बोट घालून परत आले. गोरखही गेला. त्यानं खालून वर बघितलं, काडीनं दात कोरले आणि म्हणाला, "त्यात काय एवढं? तारच हाय की. मानसानं जे आत घातलं तेवढंच आत असतंय. उघडून बघा."

हे वाक्य त्यानं आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल त्याला गणती नाही. मोटर उघडली, रेडिओ उघडला, घड्याळ उघडलं, आणि प्रत्येक वेळी आत तेच सापडलं जे कुणीतरी घातलं होतं. मग माणसानं आश्चर्य करायचं तरी कशाचं? असा हा गडी, आणि ह्याच गड्यावर पुढे एका बटणाएवढ्या ठिपक्यापुढे हात टेकायची वेळ आली. ती कशी आली, तेच सांगायचं आहे.

त्र्याण्णव साली डोंगरातल्या तळेघरच्या पिठाच्या गिरणीची मोटर जळाली. मोटर खाली आणायला गाडी मिळेना, तेव्हा गोरख मिस्त्रीच वर गेला. घोडेगावहून एसटीनं डिंभ्यापर्यंत, पुढे मिळेल त्या वाहनानं, आणि शेवटचा चढ पायी. गिरणीजवळच्या भागूच्या घरी त्याची राहायची सोय झाली. दोन दिवसांत मोटर सुरू झाली, पण गोरखचा पाय निघेना. "बेअरिंगचा आवाज येतोय," म्हणून तो आणखी दोन दिवस राहिला. बेअरिंग चांगली होती, हे भागूच्या मुलीला, रत्नाला, पहिल्याच दिवशी कळलं होतं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात दोघांचं लग्न झालं.

सासरा भागू शेलाटा, काटक आणि बोलायला महाकंजूष. त्याची पोरं त्याला दादा म्हणायची. कमरेला दोरी, दोरीला मागच्या बाजूला लाकडाची आकडी आणि आकडीत कोयता. त्या डोंगरात कोयत्याशिवाय पुरुष घराबाहेर पडत नाही. भागू तर देवळात जातानाही कोयता पायरीवर काढून ठेवायचा आणि बाहेर आला की आधी तो अडकवायचा, मग चपला घालायचा. त्या घरची एक रीत गोरखला पहिल्या दिवशी शिकवली गेली. कोयता कुणी कुणाच्या हातात द्यायचा नाही. खाली जमिनीवर ठेवायचा, समोरच्यानं तो उचलायचा. हातात दिला तर भांडण होतं. आणि समोरच्यानं उचलला नाही, तर भांडण आधीच झालेलं आहे असं समजायचं.

ह्या रीतीला एकच अपवाद होता आणि तो गोरखनं डोळ्यांनी बघितला होता. माघ-फाल्गुनात डोंगरातली माणसं राबासाठी टहाळ तोडतात. झाडांच्या फांद्या उतरवून त्या भाताच्या रोपासाठी राखलेल्या वाफ्यावर वाळवायच्या आणि उन्हाळ्याअखेरीस जाळायच्या. भागू ऐनाच्या झाडावर मोकळ्या हातानं चढायचा. वर नीट बसला की खाली हात सोडायचा, आणि त्याची बायको सखूबाई टाचा उंचावून कोयता त्याच्या हातात द्यायची. हातात! झाडावर जमीन कुठून आणणार? उतरलेल्या फांद्या मग त्याच कोयत्यानं ती खाली तोडायची, मोळ्या बांधायची. बावीस वर्षं हा एकच कोयता दोघांत चालला.

सखूबाईच्या दोन्ही हातांवर, मनगटाच्या वरच्या अंगाला, गोंदण होतं. एक चंद्रकोर आणि कोरीच्या उघड्या बाजूला उतरते तीन ठिपके. गोंदणारणीनं हौसेनं केलेलं काम. रत्नाच्या लग्नात कुणीतरी काढलेल्या एकुलत्या एका फोटोत ती तोंडाला पदर लावून उभी आहे, आणि पदर धरलेल्या उजव्या हातावर ती कोर स्पष्ट दिसते. सत्त्याण्णव साली, भात सोंगून झाल्यावर, तिला ताप आला आणि आठ दिवसांत ती गेली. त्यानंतर भागू आणखी कमी बोलू लागला. कोयता मात्र कमरेचा सुटला नाही.

आता चूक सांगतो. दोन हजार सालच्या माघात भागू लेकीकडे आळ्याला आला. कोयत्याची मूठ हलत होती, पातं लटपटत होतं. तो गोरखला म्हणाला, "पावणं, जरा घट करून द्या," आणि कोयता ओट्यावर ठेवला. गोरखनं तो उचलला. मूठ बघितली तर काळी पडलेली, फुटलेली, अंगठ्यापाशी खोल खळगा पडलेला. असली मूठ आणि मिस्त्रीच्या सासऱ्याच्या कमरेला? रत्ना कांदे काढायला रानात गेली होती, भागू गाव बघायला. गोरखनं पातं ओढून काढलं, शिसवीचा चांगला तुकडा घेतला, घासूनपुसून पॉलिश केली, दोन पितळी स्क्रू मारले. बघणाऱ्याचा चेहरा दिसेल अशी चकचकीत मूठ झाली. जुनी मूठ त्यानं ओट्यालगतच्या पाण्याच्या बंबात टाकली. बंब विझायला आलाच होता.

भागू परत आला. त्याच बंबातलं कढत पाणी घेऊन त्यानं अंघोळ केली. धोतर नेसून ओट्यावर आला तेव्हा गोरखनं मोठ्या ऐटीत कोयता त्याच्यापुढे ठेवला.

भागूनं बघितलं. "जुनी मूठ कुठं हाय?"

"बंबात घातली, मामा. पार सडल्याली व्हती."

भागूनं आपल्या ओल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं झालं." पिशवी घेतली, आणि जेवायलासुद्धा न थांबता फाट्याकडे चालू लागला. कोयता ओट्यावरच राहिला.

रत्ना रानातून आली, ओट्यावरचा कोयता बघून जागीच थबकली. तिनं नवऱ्याला सगळं विचारलं आणि खाली बसली. ओरडली नाही. "अवो, त्यो खळगा आयच्या आंगठ्याचा व्हता," एवढंच बोलली. "बावीस वर्सं तिथंच तिचा आंगठा बसायचा. आय गेल्यापासनं दादा सारखा तिथं आंगठा लावायचा, चालता चालता. मी बघितलंय."

गोरखनं आपल्या हयातीत शेकडो वस्तू उघडल्या, बिघडवल्या आणि पुन्हा जोडल्या. ही पहिली वस्तू, जी जोडायला शिल्लकच नव्हती. त्यानं बंबाची राख उपसून बघितली. बोटभर कोळसा निघाला, तो मुठीचा की बाभळीच्या ढलपीचा, तेही कळेना.

महिने सरत गेले. अक्षय तृतीया गेली, पंचमी गेली, भागू आला नाही. रत्नाचा भाऊ ज्ञानेश्वर मधून घोडेगावच्या बाजारात भेटायचा. त्यानं सांगितलं, की दादा कमरेला नुसती आकडी बांधून फिरतात, माझा कोयता घेत नाहीत, शेजाऱ्याचा मागून आणतात. रिकामी आकडी! हे ऐकून रत्नाच्या डोळ्यांना धार लागली. गोरख दोनदा वर जाऊन आला. भागूनं पाणी दिलं, भाकरी दिली, "पावणं बरं हायती का" असं विचारलं. गोरखनं दुसऱ्या खेपेला कोयता त्याच्यापुढे जमिनीवर ठेवला. भागू उठून गोठ्यात गेला. कोयता तसाच परत आला. माझ्यामुळं रत्नाचं माहेर तुटतंय, हे गोरखला आता रोज दिसू लागलं, आणि त्यावर उपाय काही सुचेना.

अशात श्रावणात एके दुपारी दुकानापुढे एक जीप थांबली. तिचा डायनामो बसला होता. आत एक पिकल्या केसांचा गोरा पाहुणा होता, खोडदच्या तबकड्या बघून नाशिककडे निघालेला. ड्रायव्हर नारायणगावचा, तोंडाळ. गोरख डायनामो उघडून बसला आणि पाहुण्यानं वेळ जावा म्हणून खिशातून सुरी काढून पेरू कापायला घेतला. गोरखची नजर त्या सुरीच्या मुठीवर गेली आणि हातातला पाना तसाच राहिला.

लाकडी मुठीत शर्टाच्या बटणाएवढा एक खिळा होता आणि त्या खिळ्याच्या तोंडावर फूल होतं. सहा पाकळ्या, मध्ये परागाचे सात बारीक ठिपके, भोवती काळंभोर रिंगण. चितारलेलं वाटेना, कोरलेलं वाटेना. धातूच फुललेला. गोरखनं न विचारताच हात पुढे केला. पाहुणा हसला, त्यानं सुरी त्याच्या हातात दिली आणि बोटानं खूण केली की उलटी करून बघ. मागच्या बाजूलाही तेच फूल.

"काय केलंय वो ह्ये? कुणी काढलंय?" गोरखनं ड्रायव्हरला विचारायला लावलं.

ड्रायव्हरनं दोन शब्द तिकडचे, दोन इकडचे करून सांगितलं, "म्हणत्यात, घरीच केलंय. आन म्हणत्यात, काढल्यालं न्हाईच ते. आरपार हाय."

जीप गेली. गोरख पोत्यावर बसून राहिला. आरपार म्हणजे काय? फूल आरपार कसं असेल? त्या दिवशी "त्यात काय एवढं" हे शब्द त्याच्या तोंडातून निघाले नाहीत, हे टायरवाल्यानंसुद्धा ओळखलं. आठ दिवस ह्या माणसानं मोटरींना हात लावला नाही. विडीच्या पाकिटांवर, भावाच्या पोरांच्या वह्यांवर तो फुलं काढायचा आणि खोडायचा. जेवताना घास हातात धरून बसायचा. त्याच्या आईला वाटलं, पोराला कुणाची नजर लागली.

शेवटी उलगडा केला रत्नानं. ती अळूवड्या करत होती. पानांना पीठ लावून गुंडाळलेला उकडलेला उंडा तिनं विळीवर धरला आणि एकेक वडी पाडू लागली. गोरख समोर कागद घेऊन बसला होता. तिनं कागदाकडे पाहिलं, मग हातातल्या वडीकडे, आणि सहज म्हणाली, "अवो, ते वर काढल्यालं नसंलच. ते आतच आसंल. ह्या वडीवानी."

गोरखनं मान वर केली.

"ह्ये बघा की. हितं कापलं तरी त्योच येढा, तितं कापलं तरी त्योच. मी का परत्येक वडीवर येढं काढीत बसते?"

गोरखनं तिच्या हातातला उंडा घेतला. एक वडी कापली. तिच्यावर हिरवी-पिवळी वेटोळी. दुसरी कापली, तीच वेटोळी. तो कापतच सुटला, शेवटी रत्नानं उंडा हिसकावून घेतला. आयुष्यभर जे रोजच्या ताटात होतं ते त्याला आज दिसलं होतं, आणि त्याचे डोळे लहान लेकरासारखे मोठे झाले होते. नळीत तारा उभ्या भरायच्या, फुलासारख्या रचून. मधल्या फटी भरून काढायच्या. आणि मग आडवं कापायचं. जिथं कापाल तिथं फूल.

"रत्ने," तो हळूच म्हणाला, "लई मोठी गोस्ट सांगितलीस तू."

मग तो उठून आत गेला आणि भिंतीवरचा लग्नातला फोटो काढून घेऊन आला. फोटोतल्या सखूबाईच्या हातावर त्यानं बोट ठेवलं. रत्नाला काही सांगावं लागलं नाही. फूल कुणाला पाहिजे होतं? मुठीत ती कोर पाहिजे होती.

सामान कुठून आणायचं हा प्रश्नच नव्हता, भंगारातच सगळं होतं. बिघडलेल्या ट्रान्झिस्टरची एरियल त्यानं उपटली. तिची सगळ्यात जाड नळी म्हणजे खिळ्याचं बाहेरचं कडं. ठिपक्यांसाठी जळालेल्या मोटरीतली जाड तांब्याची तार, वरचं वार्निश खरवडून लखलखीत केलेली. कोरीसाठी तीच तार हातोडीनं चेपून पट्टी केली आणि बारीक खिळ्यावर वाकवली, लांबच्या लांब पन्हळ झाली. फटी भरायला दोन ट्यूबा मिसळून लावायचा तो चिकट डिंक, आणि त्यात रंगाला तव्याच्या बुडाची काजळी. गोंदणाचा रंग काळा-हिरवा असतो, म्हणून रत्नानं काजळीत चिमूटभर मोरचूद घालायला सांगितलं. गोंदणातला हिरवा त्यात नेमका उतरला.

हे सगळं सांगायला सोपं. पहिली नळी कापली तेव्हा तिन्ही ठिपके एका कोपऱ्यात गोळा झाले होते, जत्रेत चुकलेली पोरं चौकीत बसतात तसे. मग गोरखनं पुठ्ठ्याच्या दोन चकत्या केल्या, त्यांना सुईनं नेमकी भोकं पाडली, आणि तारा दोन्ही टोकांना त्या भोकांत ओवून ताणून धरल्या. दुसऱ्या नळीत डिंक वरून ओतला, तर आत हवेचे बुडबुडे राहिले आणि चंद्रकोरीला भोकं पडली. जनावरांच्या डॉक्टरची जुनी पिचकारी आणली, डिंक उन्हात ठेवून पातळ केला आणि नळीच्या बुडातून हळूहळू वर चढवला. वरच्या तोंडाशी काळा थेंब फुगून आला तेव्हा श्वास सोडला. तिसरी नळी चांगली भरली, पण करवत जोरात चालवली, नळी तापली आणि तारा उचकटल्या. गोरखनं ती फेकून दिली नाही. आता तो काहीच फेकत नव्हता. डबीत ठेवायचा.

दिवाळी गेली, मार्गशीर्ष गेला. मोटरींचं काम तो करायचा, पण मन ह्या नळ्यांत. सातवी नळी त्यानं वाळूच्या डब्यात उभी करून आठ दिवस हातसुद्धा लावला नाही. नवव्या दिवशी भर दुपारी, दारात, पाण्याची धार धरून रत्ना उभी आणि गोरख केसाकेसानं करवत ओढतोय. चकती पडली. त्यानं ती कानशीवर घासली, मग बारीक कागदावर, मग चिंच आणि राखेनं. बोटावर थुंकी लावून पुसली आणि तळहातावर ठेवली.

तळहातावर सखूबाईचं गोंदण होतं. काळ्या-हिरव्या कातडीवर तांबूस कोर आणि तीन उतरते ठिपके. कुठं रेघ हललेली नाही, कुठं बुडबुडा नाही. रत्नानं दोन्ही हात तोंडावर धरले. गोरखनं पुढची चकती कापली. तीच कोर. आणखी एक कापली, तीच. आजवर त्यानं ज्या ज्या वस्तू उघडल्या, त्या उघडल्या की संपायच्या. ही वस्तू कितीही कापा, आत तो हात आहेच, दर वेळी सबंध. स्वतःच्या हातानं भरलेल्या तारा, स्वतःच चढवलेला डिंक, आत काय आहे ते दुसऱ्या कुणापेक्षा त्याला जास्त ठाऊक, आणि तरी तो नवलानं बघत राहिला. देवळात गेल्यावर लोकांना काय होतं ते त्याला त्या दारात पहिल्यांदा कळलं.

बाभळीचा जुना वाळलेला तुकडा घेऊन त्यानं नवी मूठ केली. पॉलिश केली नाही. अंगठ्याचा खळगा कोरावा असं एकदा मनात आलं, पण तसं करायला त्याचा हात धजेना. तो खळगा कोरून करायचा नसतो, तेवढी अक्कल आता आली होती. पात्याच्या शेपटीतलं भोक मोठं केलं, मुठीतून आरपार खिळा बसवला, डिंकानं पक्का केला आणि दोन्ही बाजूंनी लाकडाबरोबर घासून टाकला. वरची बाजू बघितली, कोर झकास. मग कोयता उलटा केला.

मागच्या बाजूला कोर उलटी होती. वरच्या बाजूला ती उजवीकडे उघडी, इथं डावीकडे. ठिपकेही भलत्या अंगाला. आरपार गोष्टीला मागून बघितलं तर ती उलटीच दिसणार, हे शेंबड्या पोरालाही कळावं. पाहुण्याचं फूल सगळीकडून सारखं होतं, म्हणून तिथं ते दिसलं नव्हतं. इथं मिस्त्री चार महिने तारा मोजत बसला आणि एवढी साधी गोष्ट ध्यानात आली नाही. आता खिळा काढायचा तर मूठ फोडावी लागणार, आणि एकदा जाळून, एकदा फोडून, आणखी किती वेळा त्या कोयत्याचा छळ करायचा? त्यानं रत्नाला काही सांगितलं नाही. तिला वरचीच बाजू दाखवली, कोयता फडक्यात गुंडाळला आणि ठरवलं, की ठेवताना बरोबर बाजू वर ठेवायची. पुढचं पुढं.

दोन हजार एकचा माघ. नवराबायको तळेघरला पोचले तेव्हा दुपार कलली होती. भागू घरामागच्या ऐनाखाली उभा होता, कमरेला रिकामी आकडी. राबाचं टहाळ काढायचं राहिलं होतं. शेजाऱ्याचा कोयता आणायला ज्ञानेश्वर गेला होता. लेकीला बघून म्हातारा जरासा हसला, जावयाला बघून म्हणाला, "या पावणं."

गोरखनं पायातल्या चपला काढल्या. फडकं सोडलं आणि कोयता भागूच्या पुढ्यात, पानगळीवर, हलक्या हातानं ठेवला. बरोबर बाजू वर.

भागू खाली बघायचं नाही म्हणूनच बघत नव्हता. पण ऊन तिरपं होतं आणि मुठीतला तांब्याचा ठिपका चमकला, तशी त्याची नजर गेली. तो बघत राहिला. मग खाली बसला. बोट पुढे केलं आणि त्या कोरीवर टेकवलं, जपून, झोपलेल्या माणसाला हात लावावा तसं.

भागूनं कोयता उचलला.

आणि उलटा केला. गोरखनं डोळे मिटून घेतले. आता म्हातारा विचारणार, हे काय केलंस. काहीच ऐकू येईना म्हणून त्यानं डोळे उघडले, तर भागू रडत होता. न आवाज करता, दाढीच्या खुंटांतून पाणी ओघळत होतं.

"ह्यो डावा," भागू म्हणाला.

कुणाला काही कळलं नाही.

"रत्ने, ह्यो तुज्या आयचा डावा हात." त्यानं मूठ वर धरली आणि फिरवली. "ह्या आंगाला उजवा. आन ह्या आंगाला डावा. उजव्यानं ती खोड धरायची आन डाव्यानं कोयता वर द्यायची. मला वरनं ह्योच दिसायचा. बावीस वर्सं ह्योच दिसला." त्यानं जावयाकडे बघितलं. "तुमी तर फोटूतला हात बघितला आसंल. त्येच्यात उजवाच हाय. डावा कसा काय आठवला तुमाला?"

रत्नानं आपले दोन्ही हात पुढे धरून बघितले, मग मुठीकडे बघितलं. दोन हात एकमेकांची उलटी बाजू असतात. गोंदणारणीनं एका हातावर कोर अंगठ्याकडे उघडी गोंदली, दुसऱ्यावरही अंगठ्याकडेच. एक उलटं केलं की दुसरं होतं. आणि गोरख तर चार रात्री झोपला नव्हता, चूक झाली म्हणून.

त्याला खोटं बोलता आलं असतं. "मला न्हाई आठवला, मामा," तो म्हणाला. "म्या उजवाच भरला व्हता. डावा म्या घातलाच न्हाई. त्यो आतनं आपसूक आला."

म्हाताऱ्यानं मान हलवली. त्यात त्याला काही नवल वाटलेलं दिसलं नाही. सखूबाई एक हात घेऊन कशी येईल? त्यानं अंगठा मुठीवर टेकला, जरा इकडेतिकडे सरकवला, जागा सापडल्यावर थांबवला. मग धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि ऐनाकडे बघितलं.

"दिस बुडंल. राब ऱ्हायलाय," तो म्हणाला.

सखूबाई गेल्यापासून भागू कोयता आकडीत अडकवूनच झाडावर चढत होता, कारण खालून द्यायला ती नव्हती. आज त्यानं कोयता आकडीत घातला नाही. पुन्हा पानगळीवर ठेवला आणि मोकळ्या हातानं ऐनावर चढला. साठी उलटलेला माणूस, पण पाय कुठं चुकला नाही. वरच्या बेचक्यात नीट बसला आणि त्यानं खाली हात सोडला.

गोरखनं कोयता उचलला आणि वर बघितलं. ठेवायला वर जमीन नव्हती.

"गोरख," भागू वरून म्हणाला. पावणं नाही, जावईबापू नाही, आठ वर्षांत पहिल्यांदा नावानं. "दे वर."

गोरखनं उजव्या हातानं खोड धरलं, टाचा उंचावल्या आणि डाव्या हातानं कोयता भागूच्या हातात दिला.